धुक्यातला गोल

“बूट आहेत का हो कुणाकडे? बूट! आणि बुटात घालायला पाय?”

पन्नास वर्षं उलटली तरी विल्फ स्टॉब्जच्या कानात तो आवाज तस्साच होता. ओला, घोगरा, पत्र्याच्या कर्ण्यातून आलेला. आवाजाचा धनी काही त्या दिवशी दिसला नाही, कारण त्या दिवशी काहीच दिसत नव्हतं. टाइन नदीवरून उठलेलं धुकं धक्क्यावरून, पुलाखालून, जुन्या किल्ल्याच्या पायऱ्यांवरून सावकाश चढत वर आलं होतं आणि भर दुपारी फुटबॉलच्या मैदानात फुकट शिरून बसलं होतं. दिवस युद्धाचे. निम्मे खेळाडू आघाडीवर, आणि उरलेल्यांतला एक कुठल्याशा अडकलेल्या आगगाडीत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा आपला संघ एका गड्यानं लंगडा, आणि समोर कोण? तर शेजारच्या वेअर नदीवरचे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे पिढीजात वैरी. म्हणून क्लबचा एक माणूस कर्णा घेऊन मैदानाच्या कडेकडेनं खेळाडू शोधत फिरत होता, मासळीवाली गल्लीत फिरते तसा.

विल्फच्या गळ्यात बूट होते. नाड्यांची गाठ मारून अडकवलेले, चिखलानं माखलेले. सकाळीच तो जहाजांच्या कारखान्यातल्या उमेदवार पोरांच्या सामन्यात खेळून आला होता. त्यानं कर्ण्याला उत्तर द्यायच्या आत शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावानं, मॅटीनं, त्याच्या बरगडीत असं कोपर मारलं की विल्फ पायऱ्या गडगडत थेट कठड्यावर जाऊन आदळला.

“हा आहे!” धुक्यातून मॅटी ओरडला. “बूट आहेत, पाय आहेत, डोकं तेवढं विचारू नका!”

इथवरची गोष्ट खरी होती. पुढची गोष्ट विल्फ, टेल्फर नावाच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसून, सांगायचा.

टेल्फरच्या दुकानात केस कापून घ्यायला थोडे आणि ती गोष्ट ऐकायला जास्त लोक यायचे. गळ्याभोवती पांढरा कपडा बांधला की विल्फला कंठ फुटे. मग धुकं उतरायचं, चेंडू यायचा, विल्फ एकाला चुकवायचा, दुसऱ्याला झुलवायचा, आणि उजव्या पायाचा एकच टोला! गोलरक्षकाला नुसता वारा लागला, चेंडू लागला नाही.

“विल्फ,” टेल्फर कात्री थांबवून विचारायचा, “नाताळात तू गोलच्या अगदी तोंडाशी होतास. आता मैदानाच्या मध्यावरून मारलास होय?”

“धुक्यात अंतराचा अंदाज येत नाही, टेल्फर.”

“मारणाऱ्यालाही?”

“मारणाऱ्याला तर मुळीच नाही.”

दुकान हसायचं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गोल मारणाऱ्याच्या नावाच्या जागी छापून आलं होतं, ‘आणखी एक’. ज्या गड्याचं नाव ठाऊक नसेल त्याच्यासाठी छापखान्यात हे दोन शब्द कायम जुळवून ठेवलेले असत. त्यामुळे विल्फला चिडवायचं असलं की लोक म्हणायचे, “काय रे आणखी एक, कसं काय?” आणि विल्फ राहायचा त्या उतारावरच्या गल्लीत पोरी दोरीवरून उड्या मारताना गात असायच्या. ते गाणं कुणी रचलं, देव जाणे:

धुकं आलं नदीवरून, दडलं मैदान,
चेंडू गेला जाळ्यामध्ये, कुणा नाही भान.
कुणी मारला, कसा मारला, सांग गं साळू?
वारा म्हणे मी नाही, नि नदी म्हणे हळू.

ते गाणं कानावर आलं की विल्फ भराभर पावलं उचलायचा. कारण कुणी मारला ते त्याला ठाऊक होतं. विल्फनं नाही.

त्याचं असं झालं होतं. स्टॉब्जच्या घरात बाबांचा एक कायदा होता. दोन पोरं, तेव्हा प्रत्येक गोष्ट निम्मी-निम्मी. सॉसेज मधोमध कापायचं. सायकल एक दिवस विल्फची, एक दिवस मॅटीची. रविवारचा कोट सकाळच्या प्रार्थनेला थोरल्याच्या अंगावर, संध्याकाळच्या प्रार्थनेला धाकट्याच्या. बुटांचा जोड एकच. शनिवारी दुपारपर्यंत विल्फचा, दुपारनंतर मॅटीचा. मॅटीचा पाय लहान, म्हणून तो पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा. बाबा म्हणजे गोदीतले, जहाजाच्या पत्र्यांत रिव्हेटचे खिळे ठोकणारे. त्यांनी एकदा ठोकलेलं काही उखडत नसे.

मध्यंतर झालं तसा विल्फ खेळाडूंच्या बोगद्याच्या तोंडाशी धापा टाकत उभा होता. पहिल्या डावात त्याला चेंडू एकदाच दिसला होता, तोही उलट दिशेनं जाताना. तेवढ्यात धुक्यातून मॅटी उगवला.

“काढ.”

“काय काढ?”

“बूट. दुपार कधीच उलटली. माझी पाळी.”

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अरे शहाण्या, हा काय आपल्या गल्लीतला खेळ आहे? पण विल्फ स्टॉब्जच्या घरात वाढला होता. तो मुकाट्यानं गवत कापायच्या यंत्राच्या खोपटीमागे गेला, त्यानं बूट काढले, जर्सी काढली, आणि त्या थंडीत मॅटीचा कोट अंगावर ओढून उभा राहिला. संघाच्या मालिशवाल्यानं मॅटीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“मघाशी तू उंच होतास ना रे?”

“थंडीनं आखडलो, साहेब.”

आणि दुसऱ्या डावात, विल्फ खोपटीला टेकून दात वाजवत उभा असताना, पलीकडच्या टोकाला धुक्याच्या पोटात एक आरोळी उठली. गोल! पंचानं तसं सांगितलं म्हणून लोकांना कळलं. पुढे पंचालाच पंच दिसेना तेव्हा त्यानं शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

दोघं भाऊ फाटकाबाहेर पडले तेव्हा बूट परत विल्फच्या गळ्यात होते. मॅटीची बोटं गारठली होती, म्हणून. तिथे युद्धामुळे झाकलेल्या दिव्याच्या खांबाखाली एक मुलगी उभी होती. लाल-पांढरा मफलर, नाकाचा शेंडा लाल, गाल पांढरे. जणू नाक-गालसुद्धा पलीकडच्या संघाचे. तिनं विल्फच्या गळ्यातले बूट पाहिले, आणि सरळ समोर येऊन विचारलं, “तो गोल मारला तो तूच ना? तूच मारलास ना?”

विल्फनं तोंड उघडलं. त्यातून पांढरी वाफ आली, शब्द आला नाही.

“हाच!” मॅटी म्हणाला.

तेवढंच. एक शब्द. दुसऱ्या शनिवारी ती पुन्हा आली. तिचं नाव हेटी. पुढे दीड वर्षानं हेटी रेनची हेटी स्टॉब्ज झाली, आणि विल्फच्या आईनं तिला उंबऱ्यावर थांबवून मफलर तेवढा काढून घेतला. “पोरी, तू आत ये. हे बाहेर.” त्या घरात लाल-पांढरं काही चालत नसे. खाटकानं चरबीच्या पट्ट्यांचं डुकराचं मांस दिलं तर आई ते परत पाठवायची. ताटात वैऱ्याची जर्सी नको म्हणून.

*

तेव्हापासून विल्फ त्या एका शब्दाची फेड करत आला होता.

बाबांचा कायदा त्यानंच मोडला. सुईच्या टोकाइतका, पण दर रविवारी. मॅटी नदीपलीकडे गेट्सहेडला राहायला गेला होता. (“माझी माणसं परदेशात असतात,” विल्फ टेल्फरला सांगायचा.) रविवारी मॅटी बसनं पूल ओलांडून जेवायला येई, आणि विल्फ चपटी गोल पाव-भाकर कापायला बसे. मधोमध सुरी ठेवायची, मग केसभर सरकवायची, आणि मोठा अर्धा मॅटीकडे. डुकराच्या मांसाचा जाड तुकडा मॅटीला. पिवळ्या वाटाण्याच्या पुडिंगचा वरचा साय धरलेला भाग मॅटीला. भाड्याच्या मळ्यात विल्फ कांद्याच्या जातीचे ते जाडजूड लीक पिकवायचा, मांडीएवढे. त्यातही भाज्यांच्या स्पर्धेला न पाठवता एक उत्तम दांडा मॅटीकडे.

मॅटीनं यातलं कधी काही नाकारलं नाही. उलट तोंड भरलेलं असताना म्हणायचा, “थोरला भाऊ असावा तर असा.”

आणि नाताळात हेटीचा भाऊ यायचा, अल्बी. वेअरकाठचा, लाल-पांढऱ्यांचा, त्या दिवशी त्यांच्या बचावफळीत खेळलेला. मोठ्या अंगाचा, हळव्या डोळ्यांचा माणूस. शेरीचा पहिला पेला पोटात गेला की तोच म्हणायचा, “सांग ना विल्फ, तो गोल. पहिल्यापासून सांग. कसा मारलास?” आणि स्वतः हरलेला असूनही मांडीवर थाप मारमारून ऐकायचा. “वा! बघा, असा गोल असेल तर आमचा काय इलाज! कुणाला अडवता आला नसता तो. कुणालाच!”

“किती दिलदार आहे तुझा भाऊ,” विल्फ म्हणायचा.

“आहे खरा,” हेटी म्हणायची आणि उठून भांडी घासायला जायची.

तिला कुणी विचारलं की, बाई, तू तर होतीस तिथे, गोलच्या मागेच, तू काय पाहिलंस? तर ती म्हणायची, “धुकं होतं हो.” बस्स, पुढे नाही.

अल्बी फेब्रुवारीत गेला. शेवटच्या आठवड्यात हेटी रोज गाडीनं जाऊन त्याच्या उशाशी बसायची. एकदा विल्फ बरोबर गेला होता, तेव्हा बंद दारामागून दोघा भावंडांच्या हसण्याचा आवाज आला, आणि ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. “काय म्हणाला?” विल्फनं विचारलं. “काही नाही. लहानपणीचं,” ती म्हणाली.

*

एप्रिलमध्ये टेल्फरनं घात केला.

क्लबच्या कचेरीतला एक बडा माणूस त्याच्याकडे दाढी करून घ्यायला आला. गळ्यावर वस्तरा असताना माणूस दुसरं काय करणार, टेल्फरची गोष्ट ऐकत राहिला. आठ दिवसांत स्टॉब्जच्या घरचा फोन वाजला. हंगामाच्या शेवटच्या सामन्याला, मध्यंतरात, युद्धकाळात खेळलेल्या म्हाताऱ्यांना मैदानात बोलवायचं ठरलंय. एकेकाचं नाव पुकारलं जाईल. तुम्ही या. तो धुक्यातला गोल सगळ्यांना सांगायचाय.

फोन हेटीनं घेतला होता. तिनं हाताच्या तळव्यानं तो झाकला आणि विल्फकडे पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं.

“काय सांगू रे?”

खिडकीबाहेर पोरी दोरीवर गात होत्या. विल्फनं मान हलवली. नाही म्हणून हलवली होती. पण त्याची मान वयामुळे कुठल्याही दिशेला हलायला लागली की चारी दिशांना हलायची.

“येतो म्हणालाय,” हेटीनं फोनमध्ये सांगितलं.

न्हाव्याच्या खुर्चीतली गोष्ट ही गोष्ट असते. ती लांबवली, रंगवली, तरी कुणाचं काही जात नाही. पण त्या गवतावर उभं राहून, सगळ्या शहरासमोर, दुसऱ्याचा गोल आपल्या नावानं ऐकायचा? आणि तोही सख्ख्या भावाचा? विल्फला झोप लागेना. आणि त्याहूनही खोल एक भीती कधीची बसून होती, ती आता उठून उभी राहिली. हेटीनं फाटकावर एकच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर खोटं होतं. ज्या मुलीनं गोल मारणाऱ्याशी लग्न केलं, तिला आता, या वयात, कसं सांगायचं की बाई, तुझा माणूस त्या वेळी खोपटीमागे भावाच्या कोटात कुडकुडत उभा होता?

तो मॅटीला घेऊन मळ्यात गेला. लीकची कोवळी रोपं नुकतीच लावली होती. दोघं उलट्या ठेवलेल्या बादल्यांवर बसले.

“मॅटी, तू जा.”

“कुठे?”

“मैदानात. शनिवारी. गोल तुझा आहे.”

मॅटीनं खिशातून पाव काढला. हा भाऊ खिशात नेहमी काहीतरी खाणं ठेवायचा, लढाई अजून संपली नसल्यासारखं. “मी नाही जायचा. माझे गुडघे बघ. बोलावणं तुला आलंय.”

“मी खोटं बोललो रे.”

“तू कुठे बोललास? मी बोललो. तू तर मासळीसारखं तोंड उघडून उभा होतास.”

“मग दोघं जाऊ. निम्मं-निम्मं.”

“आणि ते नाव पुकारतील तेव्हा काय, पहिलं नाव तू घेणार, आडनाव मी?” मॅटी हसला. मग रोपांकडे वळला. “विल्फ, यंदा हे चांगले फुगतील असं दिसतंय. कडेचा तो मला ठेव.”

“ठेवतो,” विल्फ म्हणाला, आणि त्याला रडूच यायला लागलं.

हेटीला सांगायचा प्रयत्नही त्यानं केला. ती त्याच्या कोटाला इस्त्री करत होती.

“हेटी, तो गोल…”

“हात वर कर. काखेत उसवलाय.”

“हेटी, समजा मी तो…”

“दोन्ही हात. आता जिंकल्यासारखा दिसतोस बघ!” आणि दातांत टाचण्या धरून ती त्याच्याभोवती फिरत राहिली. तोंडात टाचण्या असलेल्या बाईपाशी मन मोकळं कसं करणार? मात्र त्या टाचण्या काढायची घाई तिलाही दिसत नव्हती.

*

शनिवार उजाडला तो लखलखीत. एवढंसं धुकं नाही. नदी अशी चमकत होती की जणू कुणीतरी सगळे पूल घासूनपुसून तिच्यात वाळत टाकलेत. पुलाच्या कमानीत घरटी केलेले समुद्रपक्षी कलकलाट करत होते. लपायला कुठे काही जागाच नव्हती.

तिघं पायी चढ चढले. विल्फ इस्त्रीच्या कोटात, हेटी तिच्या निळ्या टोपीत, मॅटी खिशात पाव घेऊन. मैदानाच्या त्या बाजूला जुन्या काळी चोर-दरोडेखोरांना फाशी द्यायला नेत, आणि रस्त्याला अजून फाशीचंच नाव आहे. आमचे लोक दर पंधरा दिवसांनी त्याच वाटेनं आपखुशीनं, गाणी म्हणत जातात, आणि परतताना बहुतेकदा फाशी झाल्यासारखे दिसतात. पण त्या दिवशी खरोखर फासावर चालल्यासारखा एकटा विल्फच चालत होता.

“तुझे पाय का असे पडतायत?” हेटीनं विचारलं.

“बूट चावतात.”

“तुमच्या घराण्याला बूट कधी धड लाभले नाहीत.”

विल्फनं दचकून तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत चालली होती.

मध्यंतराला म्हाताऱ्यांना बोगद्यात उभं केलं. सहासात जण होते. एकाच्या हातात काठी, एकाला त्याच्या मुलीनं धरलेलं, एकजण सारखा विचारत होता, “आपण जिंकतोय का?” घरच्यांनाही आत येऊ दिलं होतं. बोगद्याच्या तोंडाशी उजेडाचा चौकोन, चौकोनात हिरवं गवत, आणि त्यापलीकडे माणसांचा समुद्र हलत होता. क्लबचा एक तरुण माणूस येऊन सांगून गेला, “मिस्टर स्टॉब्ज, तुमचं नाव शेवटी. सगळ्यात मोठी टाळी तुम्हाला.”

बाहेर लाऊडस्पीकर घुमला. पहिलं नाव. टाळ्या. काठीवाला गेला.

विल्फ बोगद्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

“मी नाही जात.”

“आता काय झालं?” हेटीनं त्याचा टाय धरला.

“हेटी, ऐक. आज टाचण्या नाहीत तुझ्या तोंडात, तर ऐक.” त्याचा आवाज कर्ण्यातून आल्यासारखा घोगरा झाला होता. “गोल मी मारला नाही. मध्यंतरात मॅटीनं बूट मागितले. बाबांचा कायदा. मी काढून दिले. गोल झाला तेव्हा मी खोपटीमागे होतो. मॅटीच्या कोटात. गोल मॅटीचा आहे. तू मला फाटकावर विचारलंस आणि मी… मी गप्प राहिलो. तू ज्याच्याशी लग्न केलंस तो माणूस मी नव्हे. तो हा.”

आणि त्यानं मॅटीकडे बोट दाखवलं. मॅटीच्या तोंडात पाव होता.

बाहेर दुसरं नाव झालं, तिसरं झालं. टाळ्यांची लाट आली आणि ओसरली.

हेटी हसली नाही, रडली नाही. तिनं मॅटीकडे पाहिलं. “गिळ आधी. मग बोल.”

मॅटीनं घास गिळला. मोठा होता, वेळ लागला. मग तो पायातल्या बुटांकडे बघत पुटपुटला, “मी चेंडूला पायसुद्धा लावला नाही.”

“काय?” विल्फ ओरडला.

“ओरडू नकोस. मी त्या वेळी आपल्याच गोलपाशी होतो. म्हणजे मला वाटतं आपल्याच. धुकं होतं. बुटातला बोळा निघाला होता, तो शोधत होतो मी गवतात. मागे आरडाओरड झाली तेव्हा मला वाटलं सामना संपला.”

“मग फाटकावर ‘हाच’ म्हणालास ते?”

“माझा असता तर दिला असता का, खुळ्या? अशी पोर विचारत होती! माझा नव्हताच, म्हणून तर सहज दिला.”

विल्फचं तोंड पुन्हा मासळीसारखं उघडलं. त्याच्या डोळ्यांपुढून पन्नास वर्षांचे मोठे अर्धे तरंगत गेले. जाड तुकडे, साय, लीकचे दांडे, रांगेनं, एकामागून एक, सगळे मॅटीच्या तोंडात.

“मॅटी! आणि तू खात राहिलास!”

“तू देत होतास. मला वाटलं, आवडतो मी तुला.”

“अरे, अर्धशतक! दर रविवारी!”

“आवडत नाही का मी तुला?” मॅटीनं खरोखरच विचारलं, आणि हातातल्या पावाकडे एकदा बघून तो मोडला. मधोमध. मग सुरी सरकवल्यासारखं बोट केसभर सरकवलं, आणि मोठा अर्धा विल्फपुढे धरला.

विल्फनं तो घेतला. दुसरं काय करणार? बाहेर चौथं नाव झालं. आता बोगद्यात एकच म्हातारा उरला होता, तो विचारत होता, “आपण जिंकतोय का?”

“अरे, पण मग,” विल्फ हळूच म्हणाला, “मारला कुणी?”

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांच्याही लक्षात आलं की हेटी विल्फचा टाय ओढते आहे, नीट असलेला टाय, पुन्हा पुन्हा, गाठ गळ्यापर्यंत जाईल असा.

“हेटी,” विल्फ घुसमटत म्हणाला, “तू गोलच्या मागे होतीस.”

“धुकं होतं,” ती म्हणाली. पण या वेळी ती तिथे थांबली नाही. तिनं टाय सोडला, हातमोज्यानं डोळ्याची कड पुसली, आणि तिचा चेहरा पार बदलून गेला. बर्फावरून पाय घसरणार हे कळून चुकलेल्या आणि तरी हसू आवरत नसलेल्या मुलीसारखा.

पाचवं नाव झालं, तो म्हाताराही गेला. लाऊडस्पीकरवरचा माणूस घसा साफ करत होता. “आणि आता, मंडळी, पन्नास वर्षं जो गोल कुणाला दिसला नाही…”

“मला दिसला,” हेटी म्हणाली. “मी खांबापासून हातभर अंतरावर होते. तुमच्यातलं कुणीही तिथे नव्हतं. चेंडू कुठून तरी आला, गोगलगाईसारखा, आणि आमचा अल्बी तो अडवायला धावला. त्याच्या गुडघ्याला लागला, विल्फ. आमच्याच जाळ्यात गेला. माझ्या भावानं मारला तो गोल, आपल्याच माणसांवर, तोही तुमच्याविरुद्धच्या सामन्यात! त्यानं माझ्याकडे असं पाहिलं… लहानपणी आईची काचेची बरणी फोडली होती ना, तसं. आमच्या गावात कळलं असतं तर त्याला पावसुद्धा कुणी विकला नसता. मग मी धावत फाटकावर आले. कुणाच्या तरी गळ्यात तो गोल बांधायचाच होता, आणि तुझ्या गळ्यात बूट होते. अल्बी म्हणाला होता, मी गेल्यावर सांग, आणि आपल्या गावात सांगू नको. तर इथे सांगतेय. रडू नकोस. अरे, फाटकावर मला गोल मारणारा हवाच कुठे होता? ‘हो’ म्हणणारा हवा होता. ‘हो’ म्हणाला मॅटी. पण तू… तू आधी पांढराफटक पडलास आणि मग कानापर्यंत लाल झालास. आमचे रंग, विल्फ! तुमच्या त्या धुक्यात, तुमच्याच फाटकावर, माझ्यासमोर लाल-पांढरा होऊन उभा! तेव्हाच मी ठरवलं, हाच माझा.”